परतीची वाट : एल्विस प्रेस्ली आणि १९६८ साल



लोकप्रिय गायकाचा बहर ओसरला की त्याच्यापुढे साधारण दोन रस्ते उरतात. जुनी गाणी पुन्हा पुन्हा म्हणून जुन्या चाहत्यांच्या प्रेमावर दिवस काढायचे, हा एक. नव्या पिढीची तऱ्हा उचलून तरुण दिसायची धडपड करायची, हा दुसरा. क्वचित एखादा गायक तिसऱ्या रस्त्याने जातो. तो आपल्या पहिल्या गाण्याकडे परत जातो आणि तिथून पुन्हा चालू लागतो. अमेरिकन गायक एल्विस प्रेस्ली १९६८ साली या रस्त्याने गेला. त्याची ती परत फिरण्याची गोष्ट आणि तिच्यामागची कारणे या लेखात मांडायची आहेत.

इंग्रजी पॉप संगीताशी मराठी साहित्य संस्थेच्या वाचकाचे काय नाते, असे कोणी विचारील. नाते अगदीच दूरचे नाही. 'झुक गया आसमान' हा हिंदी चित्रपट आला तो १९६८ सालीच. त्यात शंकर-जयकिशन यांच्या संगीतात मोहम्मद रफींनी गायलेले 'कौन है जो सपनों में आया' हे गाणे आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असेल. त्याची चाल एल्विसच्या 'फन इन अकापुल्को' या १९६३च्या चित्रपटातील 'मार्गरिटा' या गाण्यावरून घेतलेली आहे. म्हणजे एल्विस ज्या चित्रपटी गाण्यांना कंटाळून ती मागे टाकत होता, त्याच वर्षी त्यांतले एक आपल्याकडे नव्याने रुजत होते. शिवाय ज्या दूरदर्शन कार्यक्रमातून त्याचे पुनरागमन झाले, त्याचा खर्च करणारी कंपनी आपल्या घराघरांत ओळखीची आहे : शिलाई मशीनवाली 'सिंगर'.

पहिले गाणे

एल्विसचा जन्म ८ जानेवारी १९३५ रोजी मिसिसिपी राज्यातील टुपेलो या गावी, दोन खोल्यांच्या लाकडी घरात झाला. त्याचा जुळा भाऊ जन्मतःच मृत होता. घरची स्थिती अतिशय गरिबीची. १९४८ साली हे कुटुंब मेम्फिस शहरात आले. मुलाच्या कानावर तीन प्रकारचे संगीत पडत होते. चर्चमध्ये भक्तीची सामुदायिक गाणी, म्हणजे गॉस्पेल. गोऱ्या शेतकरी-कष्टकऱ्यांचे कंट्री संगीत. आणि कृष्णवर्णीयांचे ब्लूज. त्या काळी दक्षिणेकडील राज्यांत काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या. रेडिओच्या लहरींना मात्र असे कुंपण घालता येत नव्हते.

मेम्फिसच्या युनियन अ‍ॅव्हेन्यूवर सॅम फिलिप्स नावाच्या गृहस्थाचा छोटासा स्टुडिओ होता. 'सन' ही त्याची ध्वनिमुद्रिका कंपनी. ५ जुलै १९५४ रोजी तिथे तिघे जमले : १९ वर्षांचा एल्विस, गिटारवादक स्कॉटी मूर आणि बास वाजवणारा बिल ब्लॅक. संध्याकाळ संथ गाण्यांत गेली, पण मनासारखे काही जमेना. मधल्या सुटीत एल्विसने गंमत म्हणून आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे 'दॅट्स ऑल राइट' हे जुने ब्लूज गाणे उसळत्या चालीत म्हणायला सुरुवात केली. दोघे वादक त्यात सामील झाले. फिलिप्सने आतून डोके बाहेर काढून, हे काय चालले आहे ते पुन्हा पहिल्यापासून करा, असे सांगितले. पुढे तबकडीच्या दुसऱ्या बाजूसाठी बिल मन्रोचे 'ब्लू मून ऑफ केंटकी' निवडले गेले. मूळ गाणे तीन मात्रांच्या झोकातले आणि कंट्री घराण्याचे. या तिघांनी ते चार मात्रांत, ब्लूजच्या अंगाने म्हटले.

त्या तबकडीत ड्रम नाहीत, वाद्यवृंद नाही, पाठीमागे कोरस नाही. एक आवाज, दोन गिटार आणि बोटांनी आपटून वाजवलेला उभा बास, एवढाच संसार. एका बाजूला काळ्यांचे गाणे गोऱ्या मुलाच्या तोंडी, दुसऱ्या बाजूला गोऱ्यांचे गाणे काळ्यांच्या वळणाने. एल्विसची 'पहिली तऱ्हा' म्हणतात ती ही. ती त्याने एकट्याने निर्माण केलेली नव्हती, हेही इथेच नोंदवले पाहिजे. क्रुडपसारख्या गायकांचे ऋण तिच्यावर होते, आणि क्रुडपला आपल्या गाण्यांचा रास्त मोबदला हयातीत मिळाला नाही. रॉक अँड रोलच्या इतिहासातील ही बाजू झाकून एल्विसची थोरवी सांगता येत नाही.

पुढचे वेगाने घडले. नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए या बड्या कंपनीने 'सन'कडून त्याचा करार ३५ हजार डॉलरला विकत घेतला. १९५६ साली 'हार्टब्रेक हॉटेल' पहिल्या क्रमांकावर गेले. सप्टेंबरमध्ये एड सुलिव्हनच्या दूरदर्शन कार्यक्रमात त्याला सुमारे सहा कोटी लोकांनी पाहिले. त्याच्या कमरेच्या हालचालींवरून इतका गहजब झाला की जानेवारी १९५७ मधल्या कार्यक्रमात कॅमेरा त्याच्या कमरेखाली उतरलाच नाही.

बिघाड कुठून सुरू झाला?

आम्हा होमिओपॅथीच्या डॉक्टरांना रुग्णाचा इतिहास घेताना एक प्रश्न हमखास विचारायची सवय असते : पूर्ण बरे असे तुम्हाला शेवटचे कधी वाटत होते, आणि त्यानंतर काय घडले? आजची तक्रार गुडघ्याची असते, पण तिचा धागा आठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या घटनेपर्यंत जाऊन पोहोचतो. एल्विसच्या कारकिर्दीला हाच प्रश्न विचारून पाहू.

मार्च १९५८ मध्ये तो सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल झाला. त्याच वर्षी १४ ऑगस्टला आई ग्लॅडिस गेली. आईशी त्याचे नाते विलक्षण जवळचे होते. त्यानंतर तो जर्मनीत रवाना झाला आणि मार्च १९६० मध्ये परतला. आवाज उत्तम होता, लोकप्रियता टिकून होती. पण त्याचा व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर याचा हिशोब आता वेगळा होता. बंडखोर पोरापेक्षा सर्व कुटुंबाने पाहावा असा सोज्वळ सिनेनट अधिक काळ चालेल, असे पार्करचे गणित. आकडे त्याच्या बाजूने बोलत होते. १९६०-६१ मध्ये एल्विसने मेहनतीने केलेल्या स्वतंत्र गीतसंग्रहांपेक्षा चित्रपटांच्या गाण्यांचे संग्रह कितीतरी जास्त खपले. 'ब्लू हवाई'चा संग्रह तर सलग २० आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. चित्रपट गाण्यांची जाहिरात करी, गाणी चित्रपटाची. वर्षाला दोन-तीन चित्रपट असा रतीब सुरू झाला; एकूण ३१ कथापट झाले.

या रतिबाने गाणे कसे बिघडले, हे समजून घेण्याजोगे आहे. एल्विसने एखादे गाणे म्हणावे असे वाटत असेल तर गीतकाराने आपल्या हक्काच्या उत्पन्नातला वाटा त्याच्या बाजूच्या प्रकाशन कंपन्यांना द्यावा, असा शिरस्ता होता. पन्नाशीच्या दशकात गीतकार हे आनंदाने करीत, कारण खप अफाट होता. पण खप उतरू लागला आणि बीटल्स, बॉब डिलन यांच्यासारखे गायक आपली गाणी आपणच लिहू लागले, तेव्हा चांगल्या गीतकारांनी हा सौदा का पत्करावा? त्यामुळे एल्विसपर्यंत येणारी गाणी दुय्यम प्रतीची येऊ लागली. पटकथेत नायक मच्छीमार असेल तर मासळीवर गाणे, मोटारीत असेल तर मोटारीवर. २५ मार्च १९६१ रोजी हवाईत, पर्ल हार्बरच्या स्मारकासाठी, त्याने मदतनिधीची मैफल केली. त्यानंतर सात वर्षे तो प्रेक्षकांसमोर उभाच राहिला नाही. एप्रिल १९६२ मध्ये 'गुड लक चार्म' पहिल्या क्रमांकावर गेले; त्यानंतर अमेरिकेच्या मुख्य यादीत तो क्रमांक त्याला सात वर्षांहून अधिक काळ मिळाला नाही.

याला ऱ्हास म्हणायचे की आजार? माझ्या मते आजार; कारण मुळात शक्ती शिल्लक होती. १९६६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या 'हाउ ग्रेट दाउ आर्ट' या गॉस्पेल संग्रहात ती स्पष्ट ऐकू येते. लहानपणी चर्चमध्ये ऐकलेले संगीत हाती येताच त्याचा आवाज जागा झाला. त्या संग्रहाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आयुष्यात त्याला स्पर्धेतून तीन ग्रॅमी मिळाले, ते तिन्ही भक्तिसंगीतासाठी. परतीची पहिली पावले पडली ती अशी, कोणाच्या फारसे ध्यानात न येता.

बर्बँकची बैठक

पार्करने एनबीसी या दूरदर्शन कंपनीशी नाताळच्या एका तासाच्या कार्यक्रमाचा करार केला. त्याची कल्पना साधी होती : एल्विसने चांगले कपडे घालून नाताळची गाणी म्हणावीत आणि शुभेच्छा देऊन निरोप घ्यावा. दिग्दर्शक म्हणून आला स्टीव्ह बाइंडर. त्याच वर्षी त्याने गायिका पेटुला क्लार्कचा कार्यक्रम केला होता. त्यात तिने हॅरी बेलाफोन्टे या कृष्णवर्णीय गायकाच्या हाताला गाताना सहज स्पर्श केला, म्हणून प्रायोजकाच्या प्रतिनिधीने आक्षेप घेतला. बाइंडरने ते दृश्य काढले नाही. अशा माणसाला नाताळची शुभेच्छापत्रिका करण्यात रस नव्हता.

बाइंडरने पुढे सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. तुझी कारकीर्द कुठे आहे असे वाटते, असे एल्विसने विचारले; त्यावर बाइंडरने ती खड्ड्यात गेली आहे असे तोंडावर सांगितले. नंतर दोघे लॉस एंजेलिसच्या सनसेट रस्त्यावर येऊन उभे राहिले. आजूबाजूने तरुण पोरे जात होती. कोणी थांबले नाही, कोणी ओळख दाखवली नाही. ज्याला बारा वर्षांपूर्वी रस्त्यावर फिरणे अशक्य झाले होते, त्याला हे औषध कडू पण लागू पडणारे होते. दहा वर्षांत त्याच्याशी असे खरे बोलणारे माणूस त्याच्या गोतावळ्यात नव्हते.

तालमी चालू असताना बाइंडरच्या लक्षात एक गोष्ट आली. दिवसभराचे काम संपले की एल्विस कपडे बदलण्याच्या खोलीत मित्रांना घेऊन बसे आणि जुनी ब्लूजची गाणी, थट्टामस्करी, आठवणी असा मेळ तासन्‌तास चाले. मोठ्या वाद्यवृंदासमोर जे दिसत नव्हते ते या खोलीत दिसत होते. तिथेच चित्रण करू द्यायला पार्करने नकार दिला. मग तीच खोली रंगमंचावर आणायचे ठरले. स्कॉटी मूर आणि जुना ड्रमवादक डी. जे. फोन्टाना यांना बोलावले गेले. बिल ब्लॅक १९६५ सालीच वारला होता.

२७ जून १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील बर्बँकच्या स्टुडिओत या बैठकीचे दोन प्रयोग चित्रित झाले. कुस्तीच्या आखाड्याएवढा लहान चौकोनी मंच, चारी बाजूंना हाताच्या अंतरावर प्रेक्षक, मधोमध खुर्च्यांवर बसलेले पाच जण. आपल्याकडच्या घरगुती मैफलीची आठवण व्हावी असा थाट. काळ्या चामड्याचा पोशाख घातलेला एल्विस मंचावर येण्यापूर्वी इतका घाबरला होता की आता काही आठवत नाही, जाता येणार नाही, असे म्हणू लागला, असे बाइंडरने नमूद केले आहे. पहिल्या गाण्यात त्याचा हात थरथरताना दिसतो. फोन्टानापुढे ड्रम नव्हते. तो गिटारच्या पेटीवर ठेका धरून होता. थोड्या वेळाने एल्विसने स्कॉटीची विजेवरची गिटार मागून घेतली आणि जिमी रीडचे ब्लूज गाणे छेडले. तिथून पुढे सगळे बदलले. तो शब्द विसरतो, हसतो, ओरडतो, खुर्चीवरून उठू पाहतो आणि गिटारला पट्टा नाही म्हणून पाय खुर्चीवर टेकून गातो. १९५४च्या पहिल्या रात्रीचे 'दॅट्स ऑल राइट' इथे पुन्हा आले.

नेमके काय परत आले?

इथे वाचकाने थोडे थांबावे. जुनी गाणी परत आली, एवढे म्हणून भागत नाही. जुनी गाणी तर कोणीही म्हणू शकतो. १९५४चा आवाज हलका, उंच, खेळकर आहे. १९६८चा आवाज जाड, खरखरीत आहे आणि त्यात राग आहे. १९ वर्षांच्या मुलाने गंमत म्हणून म्हटलेले गाणे ३३ वर्षांचा, लग्न झालेला, एका मुलीचा बाप झालेला माणूस गमावलेल्या वर्षांची जाणीव ठेवून म्हणतो आहे. गाणे तेच, पण त्याचा अर्थ बदलला. परत आली ती गाणे घडण्याची परिस्थिती : मोजकी वाद्ये, ओळखीचे साथीदार, जवळ बसलेला श्रोता आणि चुकण्याची मुभा.

कार्यक्रमाचा शेवट कसा करावा हा वाद उरला होता. पार्करला नाताळचे गीत हवे होते. पण ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, आणि ती एल्विसच्याच मेम्फिस गावात. तयारी सुरू असताना जूनच्या पहिल्या आठवड्यात रॉबर्ट केनेडी यांच्यावर लॉस एंजेलिसमध्येच गोळ्या झाडल्या गेल्या. या घटनांनी एल्विस व्यथित झाला होता. बाइंडरच्या सांगण्यावरून अर्ल ब्राउन याने 'इफ आय कॅन ड्रीम' हे बंधुभावाचे नवे गाणे लिहिले. एल्विसने ते ऐकले आणि हेच म्हणणार असे ठरवले. काळ्यांच्या संगीतावर उभा राहिलेला गायक, त्यांच्या नेत्याच्या खुनानंतर, गॉस्पेलच्या आर्ततेने गातो आहे. वर उल्लेखलेले ऋण त्याने फेडले असे मी म्हणणार नाही. पण ते त्याच्या आवाजात त्या दिवशी होते.

३ डिसेंबर १९६८ रोजी कार्यक्रम प्रसारित झाला. त्या वेळी दूरदर्शन पाहणाऱ्यांपैकी सुमारे ४२ टक्के प्रेक्षकांनी तो पाहिला. पुढच्याच महिन्यात एल्विसने आणखी एक परतीचे पाऊल टाकले. १९५५ नंतर प्रथमच तो मेम्फिसमध्ये ध्वनिमुद्रणाला उभा राहिला, चिप्स मोमनच्या 'अमेरिकन साउंड' स्टुडिओत. उत्पन्नातल्या वाट्याचा तोच जुना आग्रह इथेही धरला गेला, पण मोमनने 'सस्पिशस माइंड्स' या गाण्याचे हक्क सोडायला साफ नकार दिला. गाणे राहिले, शिरस्ता मोडला. नोव्हेंबर १९६९ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेले. गरिबीच्या चक्रावरचे 'इन द गेटो'ही याच सत्रांतले. म्हणजे घरी परत गेलेल्या गायकाला तिथे नवी गाणी सापडली. हे घडले नसते तर डिसेंबरचा कार्यक्रम एक सुंदर निरोपसमारंभ ठरला असता.

परतीनंतर

३१ जुलै १९६९ रोजी लास व्हेगासच्या इंटरनॅशनल हॉटेलात तो पुन्हा प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर उभा राहिला. चार आठवड्यांत ५७ प्रयोग झाले, सगळे भरलेले. इथवर गोष्ट गोड आहे. पण पार्करने या यशाचाही रतीब केला. दरवर्षी व्हेगास, मग दौरे, मग पुन्हा व्हेगास. मृत्यूपर्यंत हजारांहून अधिक कार्यक्रम झाले. परंतु युरोपात नाही, जपानात नाही. पार्कर मूळचा हॉलंडमधल्या ब्रेडा गावचा आंद्रेआस व्हान काउक. त्याच्याकडे अमेरिकी पासपोर्ट नव्हता, आणि आपल्या गायकाने परदेशी जावे यात त्याला रस नव्हता. वाद्यवृंद वाढत गेला, पोशाखावरचे खडे वाढत गेले, श्रोता दूर दूर गेला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांचा अतिरेक झाला. १६ ऑगस्ट १९७७ रोजी वयाच्या ४२ व्या वर्षी तो मेम्फिसला आपल्या घरी मरण पावला. स्कॉटी मूरने १९६८च्या त्या बैठकीनंतर त्याच्याबरोबर पुन्हा कधी वाजवले नाही.

डॉक्टरी पेशात एक गोष्ट मी पुष्कळदा पाहतो. रुग्णाला उतार पडतो आणि ज्या दिनक्रमाने आजार आला, त्याच दिनक्रमात तो आनंदाने परत जातो. १९६८ साली एल्विसची तऱ्हा बदलली. त्याच्याभोवतीची व्यवस्था बदलली नाही. त्याला खरे सांगणारा बाइंडर आणि हक्कासाठी अडून बसणारा मोमन हे दोघेही पाहुणे ठरले. ना बाइंडरबरोबर दुसरा कार्यक्रम झाला, ना मोमनच्या स्टुडिओत दुसरे सत्र.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांच्या संस्थांना 'जुने जपणे' हे काम नेहमीचेच आहे. जुनी नाट्यपदे, जुनी भावगीते, जुन्या कवितांचे कार्यक्रम आपण करतो आणि केलेच पाहिजेत. एल्विसच्या इतिहासातून त्यासाठी एवढेच घ्यावेसे वाटते : जुन्या गाण्याबरोबर ते ज्या बैठकीत जन्मले ती बैठकही परत आणावी लागते, म्हणजे लहान खोली, जवळचा श्रोता, चूक सांगणारा मित्र. आणि त्या बैठकीतून नवे गाणे निघाले की नाही, हे दरवर्षी तपासावे लागते. सवड मिळेल तेव्हा १९५४ची ती पहिली तबकडी आणि १९६८ची बैठक लागोपाठ ऐका. मधली चौदा वर्षे तुम्हाला त्या आवाजात ऐकू येतील.